दिव्यावाचून अडलेली पोथी

गेनलिनला दिवा नको होता. सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच.

माणसं दिवा मिळावा म्हणून देवाला साकडं घालतात, वीज कचेरीत खेटे मारतात. दिवा नको म्हणून तीन महिने झगडणारा माणूस चीनमधल्या साऱ्या कुनशान शहरात एकच असेल, आणि तो म्हणजे श्यू गेनलिन, वय वर्षे बावन्न, छोट्या पडद्यांच्या कारखान्यातला दुरुस्तीच्या टेबलावरचा जुना कारागीर. कपडे धुण्याच्या यंत्रावर, भाजीवाल्याच्या काट्यावर, भाताच्या कुकरवर जे बोटभर पडदे आकडे दाखवत असतात, ते या कारखान्यात जुळतात. सव्वीस वर्षांत त्याच्या हाताखालून इतके पडदे गेले होते की त्याची बायको मेइझेन म्हणायची, "माझ्या तोंडाकडे तू एवढा वेळ बघितलं असतंस ना, तर आपला संसार सोन्याचा झाला असता."

पण हा पडदा काट्यासाठी नव्हता. आत्यासाठी होता.

छ्याओयिंग आत्या म्हणजे पोथी गाणारी. वय एक्क्याऐंशी. कालव्याकाठच्या त्यांच्या गावात क्वानयिन मातेच्या, म्हणजे करुणेच्या देवीच्या, जन्मदिवशी, दुसऱ्या महिन्याच्या एकोणिसाव्या तिथीला, ती सकाळपासून दुपारपर्यंत पोथी गायची. लाल कापड घातलेलं टेबल, त्यावर उघडी पोथी, एका हातात ताल धरायच्या पोकळ लाकडी माशावर ठोका द्यायची काठी, दुसऱ्या हातात घंटी. दोन ओळी गाऊन ती थांबली की समोरच्या बाया एका सुरात 'नमो अमिताभ' असा बुद्धाच्या नावाचा घोष करून ती ओळ उचलून धरायच्या. पोथी नावाडणीची. पलीकडच्या तीरावरून कुणी म्हातारी हाका मारते आहे म्हणून नावाडीण तान्ह्याला पाठीशी बांधून भर पुरात नाव घालते, त्या जागी आत्याचा आवाज चढता चढता मध्येच थबकायचा. त्या थबकण्यात अख्खी सभा श्वास धरून बसायची. मग आवाज अलगद पाण्यात उतरायचा, आणि म्हाताऱ्या बाहीने डोळे पुसत 'नमो अमिताभ' म्हणायच्या. गेनलिनने ती जागा चाळीसेक वेळा ऐकली असेल. दर वेळी त्याला वाटायचं, या खेपेला नाव बुडणार.

तीन वर्षं झाली, आत्या गायली नव्हती. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दृष्टी थोडी आली, पण पोथीची बारीक अक्षरं काही दिसेनात.

"पण आत्या, तुम्हाला तर सगळी पाठ आहे," मेइझेन एकदा म्हणाली होती. "डोळे हवेतच कशाला?"

"पोथी बघून गायची असते गं," आत्या म्हणाली. "पान समोर उघडं नसलं तर ती नुसती गाणारणीची बडबड. देवाचं बोलणं अक्षरातून यावं. डोक्यातून आलं की त्यात आपलं काहीतरी मिसळतं. मागं एकदा मी पान न बघता गायले, तर नावाडणीच्या सासूच्या जागी माझ्याच सासूचं वर्णन करून बसले. चांगल्या बारा ओळी! आणि बाया मेल्या त्यालाही 'नमो अमिताभ' म्हणत होत्या."

तेव्हा आत्याला पोथी दिसणं एवढाच प्रश्न होता. तो कुणालाही सोपा वाटेल. गेनलिनलाही वाटला होता.

आधी त्याने पोथी मोठ्या अक्षरांत छापून आणली. ती गादीएवढी जाड झाली. तालमीच्या दिवशी कुणीतरी पंखा लावला, आणि नावाडीण, तिचा नवरा, सासू आणि अर्धी नदी स्वयंपाकघरात जाऊन पडली. मग हातात धरायचा मोठा चकचकीत पडदा आणला, तर त्याच्या उजेडाने आत्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. पोथीतला रडण्याचा भाग अजून यायचा होता. शेवटी कागदासारखं दिसणारं वाचनयंत्र आणलं. आत्या खूश झाली. पण पान उलटताना ते यंत्र क्षणभर सगळं काळं व्हायचं. आत्याने काठी खाली ठेवली.

"बाळा, ही पोथी डोळे मिटते."

"आत्या, यंत्राची तशी रीतच असते."

"असेल. पण देवासमोर दर पानाला काळोख करायची माझी रीत नाही. घेऊन जा."

आता गेनलिनच्या स्वाभिमानाला हात पडला. सव्वीस वर्षं पडदे जुळवणाऱ्या माणसाने आपल्या आत्याला एक पान दाखवू नये? कारखान्याच्या माळ्यावर एका रद्द झालेल्या मागणीतले काही पडदे धूळ खात पडले होते. पोथीच्या पानाएवढे, आणि स्वतःचा उजेड नसलेले. बाहेरचा उजेड पडला की त्यावर अक्षरं कागदावर उमटावीत तशी दिसत. मेणबत्तीच्या उजेडात तर ती इतकी शांत दिसायची की गेनलिन पहिल्यांदा बघताना आपोआप उठून उभा राहिला. मालकाने एक पडदा नेऊ दिला.

पडद्याला दोन प्रकारची वीज लागते, एक अधिक आणि एक उणी. ती दोन्ही पुरवणारी तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी चिप असते. गेनलिनच्या खणात तशा चाळीस होत्या. त्यांच्या पोटात तिसरंही एक काम भरलेलं होतं, पडद्यामागचे बारके दिवे पेटवण्याचं. या पडद्यामागे दिवेच नव्हते. ते काम वापरायचं नाही, म्हणजे झालं. लग्नाच्या जेवणात एखादी भाजी आपण वाढून घेत नाही, म्हणून कुणी पंगतीतून उठवतं का?

या चिपने उठवलं.

त्याने सगळं जोडलं, बटण दाबलं. नावाडणीच्या पोथीचं पान झळकलं. गेनलिनने "मेइझेन!" अशी हाक मारली. मेइझेन हात पुसत आली, तोवर पान गेलं.

"काय बघू?" ती म्हणाली.

"आता होतं."

"असेल."

पुन्हा बटण. पुन्हा पान. एक, दोन, गुडुप. प्रकार असा होता की चिप जागी झाली की आधी आपले दिवे चाचपून बघायची. दिवे लागेनात, तेव्हा तिला वाटायचं, तार तुटली, घात झाला. मग सगळ्यांच्या भल्यासाठी ती दिव्यांबरोबर पडद्याचीही वीज तोडायची आणि स्वतः झोपून जायची. माहितीपत्रकाच्या चौदाव्या पानावर लिहिलं होतं की दिव्यांचं काम बंद ठेवायचा हुकूम चिपला देता येतो. मात्र हुकूम ऐकायला ती जागी हवी, आणि दिवे सापडेपर्यंत ती जागी राहत नव्हती. पत्रक लिहिणाऱ्याला यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

ही अडचण गेनलिनने फक्त एका माणसाला सांगितली, खालच्या मजल्यावरच्या लू मास्तरांना. लू मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सांगणं म्हणजे इमारतीच्या फाटकावर फलक लावणं.

"मोकळं टोक ठेवलंस?" मास्तरांनी चिपच्या न वापरलेल्या टोकाकडे काडी दाखवत विचारलं. "अरे, मोकळं टोक म्हणजे मोकळं जनावर! जमिनीला बांध. विज्ञान आहे हे."

गेनलिनने टोक जमिनीला, म्हणजे अर्थिंगच्या तारेला, बांधलं. चिपमधून धुराची एक बारीक, सुबक रेघ वर गेली.

"बघ," मास्तर समाधानाने म्हणाले, "आता निदान कळलं की ते टोक जिवंत होतं."

कारखान्यातला ताओ, जो माल मागवायचा, त्याचं मत नेमकं उलट. "दादा, न वापरलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही. माझ्या साडूच्या घरात तीन वर्षं एक खोली बंद आहे. काही झालं का?"

"मी हात लावला नव्हता तेव्हाच ती झोपत होती रे."

"मग दुसरी चिप घ्या. हिचं नशीब खराब असेल."

दुसरी झोपली. तिसरी झोपली. इमारतीच्या फोनवरच्या गटात, जिथे एरवी हरवलेल्या छत्र्यांची चर्चा चालायची, तिथे आता 'गेनलिनची चिप' हा विषय आला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कळवलं की त्यांच्या सुनेलाही असंच व्हायचं, आलं-गूळ उकळून दिल्यावर थांबलं. एकाने जमिनीऐवजी विजेच्या टोकाला बांधा म्हटलं. एकाने दिव्यांच्या जागी वीज अडवणारा रोधक बसवून चिपला फसवा म्हटलं. गेनलिनने आलं-गूळ सोडून सगळं केलं. रोधक बसवला तेव्हा चिप चक्क सहा सेकंद फसली. मग रोधक इतका तापला की मेइझेनच्या टेबलावरच्या आच्छादनाला मुगाच्या दाण्याएवढं भोक पडलं.

मेइझेनने त्या भोकातून बोट घालून दाखवलं. "हे कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"होईल गं. आत्या गाईल बघ."

"आत्या गाईल. आधी मी गाईन."

शेवटी ताओ म्हणाला, "दादा, चिप विकणाऱ्या एजंटाला विचारा ना सरळ. त्यांच्याकडे शिकलेले इंजिनिअर बसलेले असतात. एक अर्ज भरला की झालं."

अर्ज फोनवर भरायचा होता. कंपनीचं नाव त्याने भरलं. 'प्रकल्पाचं नाव' इथे त्याने 'नावाडीण' लिहिलं. 'अंतिम ग्राहक' इथे बराच विचार करून 'आत्या' लिहिलं, कारण खोटं लिहिणं त्याच्या स्वभावात नव्हतं. 'वर्षाची अपेक्षित मागणी' इथे 'एक' लिहिलं. अर्ज लाल झाला. एक चालत नव्हता. मग त्याने जड मनाने खणातल्या चाळीसही धरल्या. तरी लाल. शेवटी ताओने त्याच्या हातातून फोन घेऊन 'तीस हजार' लिहिलं, तेव्हा अर्ज हिरवा होऊन पुढे सरकला.

"अरे, तीस हजार आत्या कुठून आणू?"

"दादा, अपेक्षित म्हटलंय. अपेक्षा कितीही ठेवता येते."

पुढचा रकाना होता, 'दिव्यांची संख्या'. गेनलिनने शून्य लिहिलं. अर्ज म्हणाला, 'किमान एक.' त्याने रकाना मोकळा ठेवला. अर्ज म्हणाला, 'हा रकाना आवश्यक आहे.' त्याने खाली शेरा लिहायच्या जागी लिहिलं, 'आमचा प्रश्नच असा आहे की आम्हाला दिवा नको.' अर्जाने नम्रपणे पुन्हा विचारलं, 'दिव्यांची संख्या?' चिप आणि अर्ज हे एकाच आईची लेकरं असावीत, अशी गेनलिनची तेव्हा खात्री पटली.

त्याने एक लिहिलं. मग अर्ज छापून त्यावर कारखान्याचा गोल लाल शिक्का हवा होता. शिक्का हिशेबनीस बाईंच्या कुलपात, आणि बाई जेवणानंतर घडीच्या खाटेवर डोळ्यांना पट्टी बांधून झोपलेल्या. कारखान्यात त्या वेळेला कुणी कुणाला उठवत नाही. गेनलिन खाटेशेजारी तासभर हात बांधून उभा राहिला, म्हाताऱ्या राणीच्या दारातल्या वकिलासारखा. बाई उठल्या, अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "आत्या नावाची कंपनी कुठली? शांघायची का?"

अकरा दिवसांनी एजंटाच्या इंजिनिअरचं उत्तर आलं. भाषा फार सभ्य होती. आमच्या मालात रस घेतल्याबद्दल आभार, नावाडीण यशस्वी होवो, आणि शेवटी एक ओळ: 'कृपया दिवा जोडावा.'

एकोणिसावी तिथी आता नऊ दिवसांवर आली होती. गावाकडून आत्याचा फोन यायचा. ती काही विचारायची नाही. बांबूचे कोंब निघालेत म्हणायची, मोहरीच्या शेतांना पिवळी झिलई आली म्हणायची, आणि फोन ठेवता ठेवता म्हणायची, "घसा जरा साफ करून ठेवलाय मी. उगाच. तू काही मनावर घेऊ नकोस."

गेनलिनने फोन ठेवला. ज्या दाराशी तीन महिने भांडलो त्या दारातून मुकाट्याने आत जायचं ठरवलं. त्याने तिळाएवढ्या सहा दिव्यांची एक पट्टी घेतली, चिपला जोडली आणि तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचे चार वेढे दिले. बटण दाबलं. चिपने दिवे चाचपले, दिवे सापडले, चिप कृतार्थ झाली. नावाडणीचं पान आलं. आणि राहिलं. काळ्या पट्टीच्या आत सहा दिवे कुणासाठीच नसताना पेटत राहिले.

मेइझेन किती तरी वेळ पानाकडे बघत होती. "छान दिसतंय रे," ती म्हणाली. मग पट्टीला बोट लावलं. "हे कोमट का लागतंय?"

"आत दिवा आहे."

"तुला दिवा नको होता ना?"

"नकोच आहे."

"बरं," मेइझेन म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं ते तिला कळायला लागलं होतं.

पडदा आणि चिप एका लहानशा पेटीत बसवून, दिव्यांची पट्टी तिच्या पाठीला चिकटवून, तिथीच्या आदल्या दिवशी ते दोघं गावी पोचले. आत्याने पेटी मांडीवर घेतली, पान बघितलं, आणि ओठ हलवत वाचायला लागली. वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाळा, नावाडीण सुरुवातीलाच स्वर्गाला गेली."

गेनलिनने पाहिलं. खरंच गेली होती. जुनी पोथी उजवीकडून उघडते, आणि कारखान्यातल्या सवयीने याने सगळी पानं डावीकडून टिपली होती. पुढच्या पानावर नावाडीण म्हातारी होती, त्याच्या पुढे तिचं लग्न लागत होतं, आणि शेवटी ती जन्माला येऊन पोथी संपत होती.

"तसंही वाईट नाही," आत्या पान पुढे करत म्हणाली. "सासू शेवटी शेवटी दिसेनाशीच होते." पण पानांचा क्रम लावून होईपर्यंत ती शेजारून हलली नाही. मग तिनेही त्या काळ्या पट्टीला हात लावला. गेनलिनने सगळं सांगितलं: चिप, तिचा हट्ट, अर्ज, एजंटाचं पत्र.

आत्या हसली नाही. "दिवा लावायचा आणि वर झाकण घालायचं," ती म्हणाली. "देवाच्या कामात असं कधी बघितलं नव्हतं. पण बिचारीचं चुकलं काय? तिला दिव्याशिवाय बसवत नाही, एवढंच ना. मलाही पोथीशिवाय गाववत नाही. आम्हा दोघींना घेऊन तुझं अवघडच आहे बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या नव्या सभागृहात बाया लवकर येऊन बसल्या होत्या. तीन वर्षांनी पोथी लागणार, म्हणून आजूबाजूच्या गावांतूनही आलेल्या. मागच्या बाजूला शाकाहारी शेवयांच्या कढया चढल्या होत्या. समोर क्वानयिन माता, फळं, धूप. आणि दोन्ही बाजूंना, जिथे हातभर उंच लाल मेणबत्त्या असायच्या तिथे, विजेवर लुकलुकणाऱ्या प्लास्टिकच्या मेणबत्त्या.

"उघडी ज्योत चालत नाही आता," सभागृहाच्या व्यवस्थापकांनी गळ्यातलं ओळखपत्र सारखं करत सांगितलं. "नियम आहे. या बघा, वितळत नाहीत, वाऱ्याने विझत नाहीत, वर्षभर चालतात."

"उजेड पडत नाही," गेनलिन म्हणाला.

"मेणबत्ती काय उजेडासाठी लावतात का? श्रद्धेसाठी लावतात."

"मग खिडकी तरी उघडा."

खिडक्यांवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल कापडाचा फलक ताणलेला होता: 'लोककला सादरीकरण, सर्वांचे स्वागत.' वरून साहेब फोटो काढायला येणार होते. फलक काढायचा तर वरून लेखी हवं होतं. छतावरचे दिवे? ते होते, पण त्यांचा स्विच ध्वनिक्षेपकाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली तालुक्याला बैठकीला गेलेल्या माणसाकडे.

आत्या टेबलाशी बसली. तिने बाह्या सारख्या केल्या, काठी उचलली, पानाकडे पाहिलं. पेटी चालू होती, चिप जागी होती, पान उमटलेलं होतं. पण पडायला उजेडच नव्हता, तर दिसणार काय? आत्याने मान पुढे नेली, मागे नेली. काठी हळूच कापडावर ठेवली. बायांची कुजबुज थांबली.

"दिसत नाही रे बाळा," ती इतक्या हलक्या आवाजात म्हणाली की फक्त गेनलिनला ऐकू गेलं. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं. परक्याच्या दारातून वळून निघालेल्या माणसासारखी ती आपली घंटी रुमालात गुंडाळायला लागली होती.

गेनलिनच्या डोक्यात त्या क्षणी काही विज्ञान वगैरे आलं नाही. त्याने पेटी उलटी केली आणि नखाने ओरबाडून काळी पट्टी सोडवली. एक वेढा, दोन, तीन, चार. आतून सहा दिवे बाहेर पडले, तिळाएवढे, मऊ, पिवळसर. तारेची लांबी वीतभर. पेटी पुन्हा सुलटी ठेवून ती दिव्यांची पट्टी त्याने पानाच्या वर तिरपी धरली, हाताच्या आडोशाने, उजेड आत्याच्या डोळ्यांवर न येता फक्त अक्षरांवर पडेल अशी.

आत्याने पाहिलं. घंटी रुमालातून पुन्हा बाहेर काढली.

लाकडी माशावर पहिला ठोका पडला.

आता गेनलिनची अवस्था अशी. तार बोटभरही ओढली गेली तर सांधा सुटणार. सांधा सुटला तर दिवे जाणार. दिवे गेले तर चिप पुन्हा सगळ्यांच्या भल्याचा विचार करून पोथीसकट झोपी जाणार. तेव्हा डावा हात पानाच्या वर, खांद्यापासून बोटांपर्यंत ताठ. उजवा हात पानं उलटायच्या बटणावर. गुडघा टेबलाच्या पायाशी. आत्याची नजर शेवटच्या ओळीला आली की बटण. लवकर दाबलं तर ओळ जाईल, उशिरा दाबलं तर ठोका अडेल. वर दिव्यांचा कंप, खाली अक्षरांची रांग. साहेब येऊन फोटो काढून गेले, त्यात गेनलिनचा फक्त कोपर आला. नाकावर माशी बसली, तिने आपल्या मर्जीने मुक्काम हलवला. दंडाला मुंग्या आल्या, मग मुंग्या गेल्या, मग दंडच गेला. तीन तास.

दुपारी शेवटचं 'नमो अमिताभ' झालं, देवाला निरोप दिला गेला, आत्याने काठी खाली ठेवली. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. कुणी तिचे हात धरत होतं, कुणी नुसतंच रडत होतं. व्यवस्थापकही ओळखपत्राच्या दोरीने डोळे टिपत होते. गर्दी ओसरल्यावर आत्याने गेनलिनला जवळ बोलावलं. तिचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता.

"कसं झालं रे?"

"एकदाही बंद नाही पडली, आत्या."

"पोथी विचारतेय मी. पुरातली जागा? आवाज चढला का तिथे? मला आपलं वाटलं, कमी पडला."

पुरातली जागा कधी आली? त्याला आठवतं ते सदतिसावं पान, तिथे तार थरथरली होती. एकेचाळिसाव्या पानाला बटण अडकलं होतं. मध्ये कुठेतरी सगळी सभा श्वास धरून बसली असणार, पण त्या वेळी तो स्वतःच श्वास धरून बसलेला, दिव्यांकडे बघत. ज्याच्यासाठी तीन वर्षं जीव टांगणीला लागला होता, ते हातभर अंतरावर झालं आणि एक ओळ कानात शिरली नाही.

"आत्या, तेवढी जागा पुन्हा म्हणशील?"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. तिने त्याचा बधीर दंड दोन्ही हातांनी चोळायला घेतला. "देवाला निरोप दिला रे," ती म्हणाली. "निरोप दिल्यावर त्या दिवशी पोथी पुन्हा उघडत नाहीत." चोळत राहिली. "पुढच्या साली बटणावर त्या व्यवस्थापकाला बसव. नियम पाळायची सवय आहे त्याला. तू समोर बस."

पुढच्या साली आत्या ब्याऐंशीची. दोघांनीही ते मनातच मोजलं.

परतीच्या बसमध्ये गेनलिन खिडकीशी बसला. बाहेर पिवळी शेतं, मग कालवा, मग पुन्हा शेतं. डावा हात मांडीवर परक्याच्या सामानासारखा पडला होता. मेइझेनने पिशवीतून हिरव्या पिठाचा वाफवलेला गोड गोळा काढून त्याच्या उजव्या हातात दिला. त्याने तो तसाच धरून ठेवला.

"ऐकलंच नाहीस ना काही?" ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"समोरच बसले होते मी. ती पुरात नाव घालते तेव्हा बायकाच काय, पोरंसुद्धा रडायला लागली. आणि तू असा तोंड उघडं टाकून दिव्यांकडे बघत होतास, मासा विकायला बसल्यासारखा."

मेइझेनने पिशवी बंद करून पायाशी ठेवली. मग आजूबाजूच्या सीटवर कुणी ऐकत नाही ना ते पाहून, घसा खाकरून तिने हलकेच सूर लावला. तिला गाता येत नव्हतं. सूर वर जायचा तिथे खाली जात होता, शब्द निम्मेच लक्षात होते, राहिलेल्या जागी ती 'असं काहीतरी, असं काहीतरी' म्हणत होती. नावाडणीने पोर पाठीशी बांधलं. दोरी सोडली. पलीकडून म्हातारीची हाक आली.

"मग?" गेनलिनने विचारलं. पोथी त्याला पाठ होती. "मग काय झालं?"

"मग आत्या थांबली," मेइझेन म्हणाली, आणि तीही थांबली. बस पुलावर चढली. खाली कालव्याचं पाणी संथ पसरलं होतं. किती वेळ ती काही बोलेना. गेनलिनचा श्वास छातीत अडकून राहिला.

पूल संपता संपता तिने तो सूर कसाबसा, बेसूर, पाण्यात उतरवला.

"नमो अमिताभ," गेनलिन म्हणाला. त्याचा आवाज इतका मोठा निघाला की चालकाने आरशातून पाहिलं.